लँडस्केप आर्किटेक्चरला शिष्यवृत्ती मिळते का हो? (बाग सगळ्यांची व्हावी असं काम करायचंय)

येरळाकाठ | रवि, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. बी.आर्च. झालं, दोन वर्षं पुण्यात एका ऑफिसात आहे. काम काय तर क्लबहाऊससमोरचं लॉन, पोडियमवरच्या कुंड्या आणि ब्रोशरमध्ये छान दिसतील असे पाम. वाईट नाही, पगार वेळेवर होतो, पण मला हे करायचं नव्हतं.

पाचव्या वर्षाला थिसीससाठी मी आमच्या भागातल्या एका गावातली बाग घेतली होती. बाग छान आहे, वडाची दोन मोठी झाडं आहेत, पण ती सकाळी ११ ते दुपारी ४ बंद असते. आणि बाजाराच्या दिवशी खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बायका नेमक्या त्याच वेळात जरा टेकायला जागा शोधत असतात. त्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात बसतात, आत सावली आणि बाहेर माणसं. मी आठ बाजार तिथे वही घेऊन बसले, एका दुपारी ४३ बायका मोजल्या. ज्युरीत (थिसीसच्या तोंडी परीक्षेत) एका सरांनी विचारलं की यात डिझाइन कुठाय, हा तर कुलपाचा प्रश्न आहे. तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजूनही अधूनमधून झोपताना सुचतं.

तर मला लँडस्केपमध्ये मास्टर्स करायचंय, आणि तेही अशा सार्वजनिक जागांवर, म्हणजे कोणाला आत घेतलं जातं, कोणाला नाही, हे बघणारं. देशात किंवा बाहेर, कुठेही चालेल. घरी पप्पांची छोटी रोपवाटिका आहे (म्हणून झाडांची भीती नाही), उत्पन्न बेताचं, गहाण ठेवण्यासारखं काही नाही. या विषयाला धरून एखादी स्कॉलरशिप आहे का? गुगलवर शोधलं की सगळं इंजिनिअरिंगचंच येतं.

---

अण्णा_मिरजकर | सोम, सकाळी ६:२०

ताई, धागा आवडला. मला शिष्यवृत्तीतलं शष्प कळत नाही पण त्या बायका उन्हात बसतात हे मी पण बघितलंय आणि मला कधी प्रश्न पडला नाही, तुला पडला. बाकी जाणकार सांगतीलच.

---

हिरवळ_नको | सोम, सकाळी ९:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. लँडस्केप म्हणजे शेवटी झाडं आणि कारंजी. त्यासाठी बाहेर जाऊन ७०-८० लाख घालवायचे आणि परत येऊन नगरपालिकेच्या बागेचं फाटक उघडायचं? ते मुख्याधिकाऱ्याला एक अर्ज देऊन पण होईल. पुण्यात बिल्डरकडे टिकून राहा, पाच वर्षांत स्वतःची प्रॅक्टिस काढ.

---

रेवा_टी | सोम, सकाळी ९:४०

@हिरवळ_नको, अर्ज देऊन फाटकं उघडत असती तर काय हवं होतं.

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते, आणि केंद्राच्याच शहर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत १० ते १२ चौरस मीटर म्हटलंय. म्हणजे एक सतरंजी अंथरली की संपली आपली जागा. त्यातही जिमखाने, क्लब, सभासदांपुरती मैदानं वेगळी. हा विषय कारंज्यांचा नाहीये. आर्किटेक्ट पी. के. दास यांनी २०१२ ला 'ओपन मुंबई' म्हणून प्रदर्शन भरवलं होतं, त्यात नाले, खाड्या, किनारे हे सगळं मोकळी जागा म्हणून मोजा असं मांडलं होतं. वांद्र्याच्या कार्टर रोडला लोक आज फिरतात ते किनाऱ्याचं कामही त्यांचंच, आणि ते रहिवाशांना धरून झालेलं आहे.

येरळाकाठ, तुझ्या त्या सरांना माझ्यातर्फे सांग की कुलूप हेसुद्धा डिझाइनच असतं. उत्तर उशिरा मिळालं म्हणून काय झालं.

---

येरळाकाठ | सोम, दुपारी १:१५

रेवाताई 🙂 हे वाक्य ढापतेय.

---

श्टुटगार्टकर | सोम, दुपारी ४:३०

इकडे जर्मनीत असल्यामुळे लिहितो. मी स्वतः मेकॅनिकलवाला, पण बायको आर्किटेक्ट आहे आणि तिने हे सगळं केलंय, तिलाच विचारून टाईप करतोय.

डाड (DAAD, शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था, तिला आम्ही सगळे डाडच म्हणतो) ची मास्टर्सची एक वेगळी स्कॉलरशिप फक्त आर्किटेक्चर घराण्यासाठी आहे, आणि त्यात लँडस्केप आर्किटेक्चर आणि लँडस्केप प्लॅनिंग ही नावं सरळ लिहिलेली आहेत. शोधणाऱ्यांचं चुकतं ते इथे, लोक सर्व शाखांच्या यादीत जातात आणि इंजिनिअरांच्या गर्दीत हरवतात. त्यांना मार्कांइतकाच पोर्टफोलिओ लागतो. डिग्रीला साधारण ६ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत, तुला अडचण नाही. दरमहा हजार युरोच्या आसपास मिळतात, विमा आणि प्रवासाची मदत वेगळी. फी ते देत नाहीत, पण इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसतेच, अपवाद आहेत, जसं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत.

दुसरं, डाडचीच एपॉस म्हणून योजना आहे, ती विकासाशी संबंधित ठरावीक कोर्सांसाठी, तिला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. त्यात शहर नियोजनाचे कोर्स येतात. तुझा बाजाराचा विषय तिथे जास्त शोभेल.

आणि आयएमएलए नावाचा आंतरराष्ट्रीय लँडस्केप मास्टर्स आहे, न्युर्टिंगेन-गाइसलिंगेन आणि वाइहेनश्टेफान-ट्रीसडॉर्फ अशा दोन संस्था मिळून चालवतात, इंग्रजीत. तरी जर्मन शीक. लोकांशी बोलून काम करायचं असेल तर बागेतली आजी तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाहीये.

स्कॉलरशिप नाही मिळाली तर ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ते पैसे आपलेच असतात, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करायला लागतात. घाम तिथे फुटतो.

---

बाभूळबन | सोम, रात्री ९:१०

सरकारी योजनांचं मी लिहितो, कारण मी तिथूनच गेलो होतो. तुला प्रवर्ग विचारत नाही आणि तूही इथे सांगायची गरज नाही, सगळ्यांचं लिहितो, तुला लागू असेल ते उचल.

१) केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, सामाजिक न्याय मंत्रालयाची. १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या विमुक्तांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांना. वय ३५ च्या आत, ६० टक्के, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, मुलींना ३० टक्के जागा. फी पूर्ण, वर जगायला अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर, इंग्लंडात ९,९०० पौंड. ही खरी पूर्ण शिष्यवृत्ती, परतफेड नाही. त्या शेवटच्या चार जागांबद्दल लोकांना माहितीच नसतं.

२) राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जातींसाठी, ७५ जागा. मराठा समाजातल्या मुलांना राज्याच्याच सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, तीही ७५ जणांना, ५० मास्टर्स आणि २५ पीएचडी. ओबीसी, आदिवासी, अल्पसंख्याक यांच्या त्या त्या विभागाच्या. खुल्या प्रवर्गाची तंत्रशिक्षण संचालनालयाकडून. या सगळ्यांना क्यूएस रँकिंगची (जगभरातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीची) अट असते, आणि गोची इथे आहे. रँकिंग अख्ख्या विद्यापीठाचं बघतात. लँडस्केपला नावाजलेली पण एकूण रँकिंगमध्ये खाली असलेली विद्यापीठं बरीच आहेत, ती बाद होतात. त्यामुळे आधी विद्यापीठ आणि मग स्कॉलरशिप असं करू नको, दोन्ही याद्या शेजारी ठेवून जी नावं दोन्हीकडे आहेत तिथेच अर्ज कर. मी उलटं केलं आणि माझं एक वर्ष गेलं.

टक्के, उत्पन्न, रक्कम या अटी शासन दर दोन वर्षांनी हलवतं. मध्यंतरी टक्के ७५ वर नेले होते तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या दादाचं ऐकून कागद जमवू नको, त्या वर्षीची जाहिरात वाच.

उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, नॉन क्रिमीलेयर, जे लागेल ते आत्ताच काढायला टाक. ऑफर लेटर आलं आणि दाखला तहसीलमध्ये अडकला ही गोष्ट प्रत्येक बॅचमध्ये होते.

---

कोकम_सरबत | सोम, रात्री १०:३५

@बाभूळबन, त्या केंद्राच्या योजनेत २०२२ ला एक कलम घातलंय ते पण सांगा ना. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारलेले सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. का तर म्हणे त्यासाठी बाहेर कशाला जायचं, सगळं साहित्य इथेच आहे.

म्हणजे येरळाकाठने बागेतल्या वडाबद्दल लिहिलं तर चालेल आणि बागेबाहेरच्या बाईबद्दल लिहिलं तर नाही. टाळ्या.

---

बाभूळबन | सोम, रात्री ११:००

हो, राहिलं. कलम आहे आणि चीड येण्यासारखंच आहे, ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच त्यांच्या जगण्यावर बाहेर जाऊन अभ्यास करू नका म्हणायचं. पण तिच्या कामापुरतं बघू. ती जाणार लँडस्केप आर्किटेक्चरच्या डिग्रीला, ती डिझाइनची डिग्री आहे, समाजशास्त्राची नाही. कोर्सचं नाव जे आहे ते लिहायचं. खोटं बोलायचं नाही, पण अर्जात विषयाचं बारसं करताना जपून.

---

कोकम_सरबत | सोम, रात्री ११:०८

जपून म्हणजे गप्प. असो. धाग्याचा आखाडा करत नाही.

---

ओकलंडची_वहिनी | मंगळ, पहाटे ४:१५

इकडे दुपार आहे :) मी अमेरिकेत लँडस्केपमध्येच काम करते, बे एरियात, १४ वर्षं झाली. माझं माहेर साताऱ्याचं त्यामुळे शेजारीणच समज.

आधी वाईट बातमी. 'समन्यायी सार्वजनिक जागा' असं नाव लावलेली आणि भारतातून थेट अर्ज करता येईल अशी शिष्यवृत्ती मला तरी भेटलेली नाही. या नावाने जे पैसे आहेत ते इथे येऊन शिकायला लागल्यावरचे आहेत. लँडस्केप आर्किटेक्चर फाउंडेशनची ओल्मस्टेड स्कॉलर्स म्हणून योजना आहे, २००८ पासून, मास्टर्सवाल्या विजेत्याला २५,००० डॉलर. पण त्याला आपण अर्ज करायचा नसतो, आपला विभाग आपलं नाव पाठवतो, एका विभागातून एकच. म्हणजे पहिल्या दिवसापासून विभागाला तुझं काम माहीत पाहिजे. लाजून मागे बसणाऱ्या आपल्या मुली इथे मार खातात, मीही खाल्ला.

अवांतर, पण विषयाचंच आहे. ज्या ओल्मस्टेडच्या नावाने ही शिष्यवृत्ती आहे त्याने वॉक्स नावाच्या आर्किटेक्टबरोबर न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं १८५८ ला. त्याच्या आदल्याच वर्षी त्या जागेवरची सेनेका व्हिलेज नावाची वस्ती पालिकेने हटवली होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, त्यातल्या काहींच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनी होत्या, चर्च होती, शाळा होती. बाग सगळ्यांसाठी म्हणून झाली आणि तिथे राहणाऱ्यांना मात्र जावं लागलं. इथे पहिल्या सेमिस्टरला हे शिकवतात आता. तू तुझ्या फाटकाची गोष्ट सांगितलीस तर इथल्या कोणालाही लगेच कळेल, समजावून सांगावी लागणार नाही.

वॉल्टर हूडचं काम बघ. बर्कलीला प्राध्यापक आहेत, २०१९ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आमच्या ओकलंडमधला लाफायेट स्क्वेअर पार्क त्यांनी परत आखला तेव्हा तिथे आधीपासून बसणाऱ्या बेघर लोकांना हुसकून न लावता त्यांची जागा धरूनच आखणी केली. मी तिथून जाते अधूनमधून, कोणी पत्ते खेळत असतं, कोणी पोरं घेऊन आलेलं असतं.

आता चांगली बातमी, दोन. एक, जुलै २०२३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्चर इथल्या स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या) आलं, त्यामुळे शिक्षणानंतर कामाची परवानगी एकूण तीन वर्षं मिळू शकते. आमच्या वेळी एकच होतं, धापा टाकत नोकरी शोधली. कर्ज काढणार असशील तर या दोन जादा वर्षांचा हिशोब फार मोठा आहे. दोन, सरकारी विद्यापीठांत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली की फी बरीच माफ होते आणि वर स्टायपेंड. मोठ्या नावाच्या खाजगी शाळांच्या मागे लागण्यापेक्षा हे बघ. अर्ज करण्याआधी ज्यांचं काम वाचलंस अशा दोन-तीन प्राध्यापकांना मेल कर, लांबलचक नको, तुझा तो ४३ बायकांचा कागद जोड आणि चार ओळी लिही.

---

जुना_आर्किटेक्ट | मंगळ, सकाळी ८:५०

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वेळी, म्हणजे फार जुनी गोष्ट, लँडस्केप शिकायचं तर दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, म्हणजे एसपीए, तिथला अभ्यासक्रम १९७२ चा. आता पर्याय आहेत, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे, भोपाळला एसपीए आहे, पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेजात मुलींसाठी एम.आर्च. लँडस्केप आहे.

बाळ, तू गेट दिली आहेस का? मास्टर्सच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, तीत आर्किटेक्चरचा पेपर असतो. गेटवर एसपीएला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो. त्यात दिल्लीत ऐश होत नाही पण घरून पैसे मागायला लागत नाहीत. शिष्यवृत्ती म्हटलं की सगळे विमानतळाकडेच का बघतात कळत नाही मला. तुझा विषय बाजाराचा, कट्ट्याचा, वडाचा. तो शिकायला दिल्ली पुरेल कदाचित.

---

श्टुटगार्टकर | मंगळ, सकाळी १०:२०

काका, मुद्दा बरोबर आहे, पण दिल्लीनंतर परत क्लबहाऊसचंच लॉन करावं लागू नये म्हणजे झालं.

---

जुना_आर्किटेक्ट | मंगळ, सकाळी ११:००

ते जर्मनीनंतरही करावं लागतं. विचारा बायकोला.

---

श्टुटगार्टकर | मंगळ, सकाळी ११:०४

विचारलं. गप्प बसायला सांगितलंय.

---

संजीव_कर्जबाजारी | मंगळ, दुपारी २:४५

आयडीवरून कळलंच असेल. मी 'लोन स्कॉलरशिप' या शब्दाबद्दल सावध करायला आलोय. टाटांची जे. एन. टाटा एंडोवमेंट, के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया, या सगळ्या चांगल्या संस्था आहेत, पण ही कर्जं आहेत, परत फेडायची असतात. महिंद्रा आणि सेखसरिया बिनव्याजी देतात, तो फरक मोठा, कारण बँकेच्या व्याजाने माणूस अर्धा होतो. मला दोन ठिकाणांहून मिळाली तेव्हा आईने पेढे वाटले, शेजारी म्हणाले पोराला स्कॉलरशिप मिळाली, मी पण काही बोललो नाही. पुढची सहा वर्षं पेढ्यांचे हप्ते फेडत होतो.

तरीही अर्ज करच, दोन कारणांसाठी. घर गहाण टाकायला लागत नाही, जामीनदार लागतात. आणि यांचे इंटरव्ह्यू खरे असतात, समोरचे लोक वाचून आलेले असतात. माझ्या वेळी बाजूला एक शिल्पकार मुलगी बसली होती, म्हणजे फक्त इंजिनिअरांना देतात असं काही नाही.

टाटांची १८९२ पासून आहे, आणि अगदी पहिल्या स्कॉलरांमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. आपल्या भागातल्या मुलींनी बिचकायचं कारण नाही.

पूर्ण अनुदानवाल्यांत इनलॅक्स राहिली बघा कोणाकडून. एक लाख डॉलरपर्यंत देतात, वय ३० च्या आत, आधी प्रवेश हातात लागतो. त्यांना इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट वगैरे चालत नाही, म्हणजे आमची गर्दी तिथे नाही, तुमच्यासाठी मैदान मोकळं. पण फार थोड्यांना मिळते, आणि विद्यापीठ नामांकितच लागतं. आगाखान फाउंडेशनचीही आहे, ती निम्मी अनुदान निम्मी कर्ज.

---

येरळाकाठ | मंगळ, रात्री १०:४०

सगळ्यांचे किती आभार मानू. मी एक्सेल शीट करायला घेतलीय, त्यात 'परत फेडायचे का' असा एक कॉलम संजीवदादांच्या नावाने टाकलाय.

गेट दिलेली नाही काका, फेब्रुवारीत देऊन बघते. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि विषयांच्या यादीत लँडस्केप नाही, शहर आणि प्रादेशिक नियोजन आहे, म्हणजे यंदा नाहीच. इंग्लंडसाठीच्या चेव्हनिंगचं पण वाचलं, ती एक वर्षाच्याच कोर्सला देतात, आणि इंग्लंडात मला आवडलेला कोर्स दोन वर्षांचा निघाला. अशा ठेचा लागतायत.

एक अडलंय. एसओपी, म्हणजे अर्जासोबत 'मला हे का शिकायचंय' असं लिहून द्यायचं ते. लिहायला बसले की 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' असलंच काहीतरी बाहेर पडतं आणि मलाच झोप येते. आणि 'समन्यायी' हा शब्द मी वापरते तेव्हा तो कुठूनतरी उसना आणल्यासारखा वाटतो.

---

बाभूळबन | मंगळ, रात्री ११:३०

उसना? आयडी येरळाकाठ घेतलंयस आणि हा शब्द उसना वाटतो?

अगं समन्यायी पाणीवाटप हा शब्द तुझ्याच तालुक्यातून महाराष्ट्रभर गेला. येरळेवर तांदूळवाडी-बलवडीचं बळीराजा धरण लोकांनी नदीतल्या वाळूच्या पैशातून आणि श्रमदानातून उभं केलं, आणि ठरवलं की पाणी जमिनीप्रमाणे नाही तर घराप्रमाणे वाटायचं, भूमिहीनालाही वाटा. ही कल्पना ऐंशीच्या दशकातली. तुझ्या भाजीवाल्या बायकांचा सावलीतला वाटा म्हणजे तेच गणित आहे, पाण्याच्या जागी सावली धर.

आणि सार्वजनिक जागेचा हक्क म्हणशील तर महाड. १९२३ ला मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. १९२४ ला महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर फाटक उघडं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, त्यानंतर लोकांना मार खावा लागला. ठराव आणि पायरी यांच्यात जे अंतर आहे ना, तुझा थिसीस तिथे आहे. तुझ्या सरांना हे सांग.

आणि हेही लक्षात घे, बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले १९१३ ला ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

---

अण्णा_मिरजकर | बुध, सकाळी ६:०५

बाभूळबन, सकाळी सकाळी अंगावर काटा आणलात.

---

हिरवळ_नको | बुध, सकाळी ९:३०

मी माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. पैशाचा भाग मागे घेत नाही.

---

येरळाकाठ | बुध, रात्री ११:१५

बाभूळबनदादा, पप्पांना फोन केला. आजोबा त्या धरणाच्या श्रमदानाला जायचे, भाकरी बांधून. मला आजवर माहीतच नव्हतं. पप्पा म्हणाले तू कधी विचारलं नाहीस. आता एसओपीचं पहिलं पान लिहून झालंय आणि त्यात निसर्गाची आवड कुठे नाहीये.

ठरवलंय ते असं: यंदा डाडची आर्किटेक्चरवाली आणि एपॉस, दोन्ही. सोबत गेट. बाभूळबनदादांनी सांगितलेल्यातली जी मला लागू होते तिचे दाखले काढायला पप्पा सोमवारी तहसीलला जातायत. अमेरिका पुढच्या वर्षी, तोवर अनुभव तीन वर्षांचा होईल, आणि त्याआधी वहिनी तुम्ही म्हणालात तसे मेल.

पोर्टफोलिओत क्लबहाऊस टाकू का?

---

ओकलंडची_वहिनी | गुरु, पहाटे ५:००

एक पान टाक, ड्रॉइंग नीट येतं हे दिसायला. बाकी सगळी पानं बाजाराला दे. आणि रेंडर नको गं, ती गुळगुळीत आकाशं आणि फुगे धरलेली पोरं बघून कमिटी कंटाळलेली असते. वहीतली पानं स्कॅन करून टाक, चहाच्या डागासकट.

---

जुना_आर्किटेक्ट | गुरु, सकाळी ८:१०

त्या कट्ट्याचा सेक्शन (उभा छेद) काढला आहेस का? थिसीसमध्ये प्लॅन असणारच, मुलं प्लॅन काढतात आणि थांबतात. बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर लागते. तो कट्टा किती आहे?

---

येरळाकाठ | गुरु, दुपारी १:३०

सेक्शन नाही काढला काका. वहीत मापं बघितली, ७० आहे. कट्टा कसला, कुंपणाच्या भिंतीची खालची पायरी आहे ती. पाय लोंबकळतात म्हणून बायका भाजीचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर पाय टेकवतात. फोटोत दिसतंय, मी इतके दिवस क्रेट म्हणजे पसारा समजून फोटो क्रॉप करत होते.

---

जुना_आर्किटेक्ट | गुरु, दुपारी १:४२

क्रेटची उंची मोजून आण.

---

येरळाकाठ | गुरु, दुपारी १:४५

पुढच्या बाजाराला जातेय. टेप घेतलाय.